फत्तेचंद रामसे : भुतांच्या भरवशावर मांडलेला प्रपंच

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका म्हटली की तीत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावयाचेच. संत, समाजसुधारक, सेनानी, साहित्यिक यांच्या चरित्रांनी अशा स्मरणिकांची पाने आजवर सजत आली आहेत आणि ते योग्यही आहे. या खेपेस मात्र आम्ही वाचकांपुढे ज्या गृहस्थांचे चरित्र ठेवीत आहोत, ते त्या मालिकेत सहसा बसावयाचे नाहीत. ते मराठी नव्हते. त्यांच्या नावावर ग्रंथ नाही, चळवळ नाही, कारावास नाही. भुताखेतांचे स्वस्त चित्रपट काढून त्यांनी आपल्या सात मुलांचा संसार उभा केला, एवढीच त्यांची कामगिरी. पण त्यांचे नाव कोल्हापुरापासून कटनीपर्यंत ठाऊक नाही, असे घर सापडणे कठीण. ते नाव फत्तेचंद उत्तमचंद रामसिंघानी, अर्थात एफ. यू. रामसे.

गढ्यात राहणाऱ्यास भयकथा काही नवी नाही. संग्रामसागराच्या काठी बाजनामठ आहे. तेथील भैरवाच्या स्थानाशी निगडित असलेली आख्यायिका येथील जुन्या माणसांकडून आपण सर्वांनी ऐकली आहे. एका संन्याशाने राजा संग्रामशहाचा बळी देण्याचा घाट घातला. राजास त्याची कुणकुण लागली. देवापुढे दंडवत कसा घालावयाचा ते आधी आपणच करून दाखवावे, असे त्याने संन्याशास विनविले, आणि संन्याशाचे मस्तक खाली होताच त्याच्याच मानेवर तलवार चालविली. याच संग्रामशहाने राज्यासाठी आपल्या पित्याची हत्या केली, असे अबुल फजलने लिहून ठेवले आहे. बावन्न गढांचा हा धनी पराक्रमी होता यात शंका नाही. पण त्याच्या वैभवाच्या कथेला हे रक्ताचे दोन डाग कायमचे चिकटून राहिले. मोठ्या घराण्याचा वाडा, त्याखाली दडपलेले एखादे पाप आणि पिढ्यांनंतर वर येणारा त्याचा हिशेब, ही गोष्ट आपल्या लोकांना फार जुन्या काळापासून कळते. फत्तेचंद रामसे यांनी हीच गोष्ट विकली.

रामसिंघानी हे सिंधी घराणे. फत्तेचंदांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. त्या काळी रेडिओ ही चैनीची वस्तू होती आणि ती घेणाऱ्यांत इंग्रज गिऱ्हाइकांचा भरणा मोठा. त्या साहेब लोकांना रामसिंघानी हे लांबलचक नाव उच्चारता येईना. त्यांनी त्याचे रामसे केले आणि दुकानदाराने ते मुकाट्याने स्वीकारले. गिऱ्हाइकाच्या जिभेला सोपे पडेल ते नाव घ्यावे, हा व्यापाऱ्याचा धर्मच होय. पुढे जे नाव ऐकताच प्रेक्षक खुर्चीत सावरून बसत, ते नाव असे एका दुकानाच्या गल्ल्यावर जन्मास आले.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. कराची परकी झाली. लक्षावधी सिंधी कुटुंबांप्रमाणे फत्तेचंदही आपले कुटुंब घेऊन मुंबईस आले आणि लॅमिंग्टन रोडच्या परिसरात त्यांनी पुन्हा रेडिओचेच दुकान थाटले.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. आपण मंडळी गढ्यास आलो ती बहुधा बदलीच्या हुकुमाने, नोकरीच्या निमित्ताने किंवा वाडवडिलांच्या मागोमाग. आपले गाव सुटले खरे, पण ते जागेवर आहे. सुटीत आगगाडीत बसले की तेथे पोहोचता येते, ओसरीवर कोणीतरी वाट पाहत असते. जबलपुरात आणि कटनीत फाळणीनंतर स्थायिक झालेली सिंधी कुटुंबे आपल्या शेजारी आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांना ती सोय राहिली नव्हती. त्यांची घरे उभी होती, पण त्यांत दुसऱ्यांचे दिवे लागत होते. फत्तेचंद त्याच पिढीचे. पुढे त्यांच्या चित्रपटांतून जुन्या हवेल्या, बंद दरवाजे आणि पूर्वीच्या धन्याची पावले सतत येत राहिली. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी स्वतः कधी जोडला होता, असे आमचे म्हणणे नाही. पण वाचकाच्या मनात तो जुळल्यावाचून राहत नाही.

दुकान चालले. मात्र मुंबईत ज्याच्या हाती चार पैसे खुळखुळू लागतात, त्याच्या दाराशी चित्रपटाचा धंदा येऊन उभा राहतो. १९५४ सालच्या ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’ या चित्रपटाच्या निर्मितीत फत्तेचंदांनी भाग घेतला. त्यानंतर १९६३ साली आला ‘रुस्तम सोहराब’. हा चित्रपट मोठ्या डौलाचा. फिरदौसीच्या ‘शाहनामा’तील कथा, संगीत सज्जाद हुसेन यांचे, रुस्तमच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर आणि सोहराबच्या भूमिकेत प्रेमनाथ. या प्रेमनाथांचे बालपण आपल्या जबलपुरात गेले आणि येथील एम्पायर चित्रपटगृह पुढे त्यांच्या मालकीचे झाले, हे येथील वाचकांना सांगावयास नकोच. गायिका व अभिनेत्री सुरैया यांचा हा अखेरचा चित्रपट ठरला.

मराठी वाचकास अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट येथे नमूद करणे अगत्याचे आहे. ‘रुस्तम सोहराब’चे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. ‘रणांगण’ ही एकच कादंबरी लिहून मराठी साहित्यात अढळ स्थान मिळविणारे, मूळचे अमरावतीचे, तेच हे बेडेकर. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या त्यांच्या आत्मचरित्रास पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. प्रभातच्या १९४४ सालच्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनातही त्यांचा वाटा होता. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला तो १७७३ साली. त्या खुनाचा ठपका प्रत्यक्ष चुलत्यावर ठेवून त्याला देहान्त प्रायश्चित्ताचा निवाडा ऐकविणाऱ्या न्यायाधीशाची ती कथा. शनिवारवाड्यात रात्री कोवळ्या नारायणरावाची आर्त हाक ऐकू येते, ही समजूत पुण्यात अजून पुसली गेलेली नाही. रामशास्त्र्यांचा निवाडा प्रत्यक्षात अमलात आला नाही. जो न्याय दरबारात झाला नाही, तो लोकांनी भुताकडे सोपविला, असाच त्या समजुतीचा अर्थ आम्ही करतो.

पुतण्याच्या रक्ताने माखलेला चुलता आणि अजाणता पोटच्या पोराला रणात मारणारा रुस्तम, या दोन्ही कथा अपराधाच्या ओझ्याच्या आहेत. बेडेकरांसारख्या जाणत्या लेखकाने त्या दोन्हींना हात लावला, आणि त्यांतल्या दुसरीसाठी पैसा उभा केला तो रेडिओच्या दुकानदाराने. हिंदी भयपटाच्या उंबरठ्यावर असा एक मराठी साहित्यिक उभा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानी आलेली दिसत नाही.

१९७० साली बेडेकरांच्याच दिग्दर्शनाखाली फत्तेचंदांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट काढला. पृथ्वीराज कपूर होते, मुमताज होती, शत्रुघ्न सिन्हा होता. चित्रपट साफ पडला. घातलेला पैसा बुडाला. चित्रपटाच्या धंद्याला रामराम ठोकावा, येथपर्यंत फत्तेचंदांचे मन आले. मुले वाढत्या वयाची, घर मोठे आणि हाती अपयश. पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या गृहस्थाला अशी रात्र कशी जाते, ते प्रपंची माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

या पडलेल्या चित्रपटात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करावयास शिरतात. पोलीस गोळ्या झाडतात, पण अंगावर लोखंडी कवच असल्याने गोळ्यांचा काही परिणाम होत नाही. फत्तेचंदांचे मुलगे तुलसी आणि श्याम चित्रपटगृहात जाऊन प्रेक्षकांच्या तोंडाकडे पाहत बसत. एरवी कंटाळून चुळबुळणारे लोक त्या एका प्रसंगाला ताठ होऊन बसत आणि तो संपला की उठून जात, हे त्यांनी हेरले. मुलांनी बापापुढे हिशेब मांडला. लोकांना तारे नको आहेत, त्यांना भीती हवी आहे. तेव्हा अथपासून इतिपर्यंत भीतीचाच चित्रपट काढावा.

बापाने मुलांचे ऐकले. फत्तेचंदांच्या आयुष्यातील निर्णायक क्षण आमच्या मते हाच. पैसा गमावलेला बाप सहसा मुलांचे ऐकत नाही. तो अधिकच हट्टी होतो. फत्तेचंदांनी मात्र नुसता होकार दिला नाही, तर मुलांच्या शिक्षणाची तजवीज केली. जोसेफ मॅसेली या अमेरिकन लेखकाचे चित्रपट-छायालेखनावरील पाठ्यपुस्तक मुलांच्या हाती दिले. त्यांना काश्मिरात नेऊन हाउसबोटीवर मुक्काम ठोकला आणि तेथे पुस्तक उघडून कॅमेऱ्याचे एकेक कलम गिरविले गेले. विद्यापीठ नाही, पदवी नाही. पाण्यावर तरंगणारी एक शाळा आणि सात विद्यार्थी. मग कामांची वाटणी झाली. कुमारने लिहावयाचे, तुलसी आणि श्यामने दिग्दर्शन करावयाचे, गंगू आणि केशूने कॅमेरा व प्रकाशयोजना पाहावयाची, किरणने ध्वनी सांभाळावयाचा, अर्जुनने संकलन करावयाचे. प्रथम एक सिंधी चित्रपट करून त्यांनी हात साफ करून घेतला. बाहेरच्या तंत्रज्ञांना द्यावयाचे पैसे घरातच राहिले, हा त्यातील व्यवहार. पण सात भावांना सात कामे देऊन बापाने भाऊबंदकीची वाटही बुजविली, हे त्यातील शहाणपण.

तत्पूर्वी हिंदीत भुते नव्हती असे नाही. १९४९ सालच्या ‘महल’ने ओसाड वाड्यातील गाणाऱ्या स्त्रीची मोहिनी देशभर पसरविली होती. १९५८ सालच्या ‘मधुमती’त तर अपराधी जमीनदाराला आपला गुन्हा कबूल करावयास लावणारी प्रत्यक्ष मृतात्म्याची छाया होती. ‘बीस साल बाद’, ‘वह कौन थी’ हे चित्रपटही लोकांनी डोक्यावर घेतले. परंतु ते सारे मोठ्या ताऱ्यांचे आणि अवीट गाण्यांचे चित्रपट. शिवाय त्यांपैकी पुष्कळांत अखेरीस भूत हे कोणा लबाडाचे सोंग निघावयाचे. फत्तेचंदांच्या मुलांनी तारे वगळले, गाण्यांवरचा खर्च आटोक्यात ठेवला आणि भूत खरे केले.

१९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. त्याची जन्मकथा आपल्या महाराष्ट्रातील आहे. एका बसमध्ये कलावंत, कामगार आणि यंत्रसामग्री भरून मंडळी महाबळेश्वरास गेली. तेथे सरकारी विश्रामगृहात उतरली. साडेतीन लाख रुपयांच्या आसपास खर्चात आणि चाळीस दिवसांत चित्रपट पुरा झाला, असे रामसे कुटुंबीय सांगत आले. घरच्या स्त्रिया मुक्कामी स्वयंपाक रांधीत. दिवे धरणारा भाऊ, कॅमेरा फिरविणारा भाऊ, आवाज टिपणारा भाऊ. महाबळेश्वरचे धुके तर फुकटच. मुंबईच्या कलागारात ते धुरातून निर्माण करावयाचे तर पैसे मोजावे लागले असते. कोणी म्हणेल, ही चित्रपटसंस्था कसली, हे तर यात्रेला निघालेले एकत्र कुटुंब! आम्हांस तसेच वाटते, आणि त्यातच त्यांच्या यशाचे मर्म आहे.

चित्रपटाची गोष्ट सरळ होती. पैशाच्या लोभाने बायको आणि तिचा प्रियकर नवऱ्याचा काटा काढून त्याला पुरतात, आणि पुरलेला माणूस परत येतो. चित्रपटाने खर्चाच्या कित्येक पटींनी कमाई केली. एका फसलेल्या चित्रपटाचे ओझे मुलांनी दुसऱ्या चित्रपटाने उतरविले.

पुढील सुमारे पंधरा वर्षे ही पेढी चालली. चित्रपटांची यादी देऊन वाचकांस कंटाळा आणण्याचा आमचा हेतू नाही. तीन उदाहरणे पुरेत. ‘दरवाजा’ हा १९७८ सालचा. एक जुलमी जमीनदार आपल्याविरुद्ध उठलेल्या माणसाला जिवंत जाळतो आणि मरणाऱ्याचा शाप त्या घराण्याच्या पुढच्या पिढीला भोगावा लागतो. ‘गेस्ट हाउस’ १९८० चा. त्यात एका अंगठीच्या लोभाने खून करून हात तोडला जातो, आणि तो तुटलेला हातच सूड घेत फिरतो. ‘हॉटेल’ १९८१ चा. लबाडीने ख्रिस्ती दफनभूमी बळकावून त्यावर हॉटेल बांधणाऱ्यांच्या मागे तेथील मृत लागतात. तिन्हींचे मूळ पाहा. कोणाची जमीन, कोणाची अंगठी, कोणाचा जीव. या भुतांना कोणी उगाच जागे केलेले नाही. माणसाने आधी लोभ केला, मग खून केला, मग माती लोटून वर इमला चढविला. भूत येते ते त्यानंतर. न्यायालयात पुरावा नसलेल्या खटल्यातील तो एकमेव साक्षीदार असतो.

जबलपूरकरास ही साक्ष कळावयास वेळ लागू नये. विल्यम स्लीमन यांनी ठगांचा बंदोबस्त केला तो याच भूमीत, १८३० च्या दशकात. वाटसरूंना रुमालाने गळा आवळून मारावयाचे आणि रातोरात पुरून टाकावयाचे, ही ठगांची रीत. पकडलेल्यांपैकी काही माफीचे साक्षीदार झाले. त्यांनी बोट दाखविले तेथे जमीन उकरण्यात आली आणि पुरलेले देह खरोखरच बाहेर आले. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे वाट पाहिली गेली होती, ते वाटसरू अखेर असे परतले. दोन हात जमिनीखाली दडपलेली गोष्ट वर येते, ही केवळ पडद्यावरची कल्पना नाही. या भागाच्या सरकारी दफ्तरात ती नोंदलेली आहे.

१९८४ साली ‘पुराना मंदिर’ आला आणि रामसे हे नाव घरोघर पोहोचले. दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने सामरी नावाच्या सैतानाचे धड आणि शिर वेगळे करून दोन ठिकाणी बंदिस्त केलेले असते. मरताना त्याने दिलेल्या शापाने त्या राजकुळातील प्रत्येक स्त्री प्रसूतीच्या वेळी प्राण गमावते. म्हणून आजचा ठाकूर आपल्या मुलीचे लग्नच होऊ देत नाही, आणि का होऊ देत नाही ते तिला सांगतही नाही. सामरीच्या भूमिकेत होता अनिरुद्ध अग्रवाल, हा शिक्षणाने स्थापत्य अभियंता. त्याच्या उंच देहयष्टीला आणि रुंद जबड्याला रंगभूषेचे काम निम्मेच उरले. अशा चित्रपटांना लागणारी जुनी वास्तू रामसे बंधूंना आपल्या कोकणातही लाभली. मुरुडनजीकचा जंजिऱ्याच्या नवाबाचा वाडा त्यांच्या पडद्यावर दिसतो.

त्या वर्षी आम्ही शाळेत होतो. चित्रपट केवळ प्रौढांसाठी होता, परंतु ज्या चित्रपटगृहात आम्ही तो पाहिला तेथील द्वारपालाची प्रौढत्वाची व्याख्या उदार होती. वडिलांना न सांगता गेलेलो. पडद्यावर सामरीची पेटी उघडली तेव्हा शेजारच्या मित्राने आमचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. खरी भीती मात्र घरी परतताना वाटली, आणि ती सामरीची नव्हती. वडील ओट्यावर बसलेले असतील, त्यांनी विचारले तर काय सांगावे, या विचाराने पाय जड झाले होते. वडिलांनी काहीच विचारले नाही. त्या रात्री झोप लागली नाही. आपले खोटे कोणालाही ठाऊक नसले तरी ते आपल्याला ठाऊक असते, आणि रात्री तेच उशाशी येऊन बसते, हा धडा आम्हांस कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिला नव्हता, तो त्या रात्रीने दिला. वडील गेल्यावरच ही कबुली आम्ही लिहू शकत आहोत, यावरून तो धडा किती खोल गेला हे वाचकांनी ओळखावे.

रामसे यांचे बळ होते ते लहान गावांत. मुंबईतील समीक्षक त्यांच्या चित्रपटांची दखल क्वचितच घेत, आणि घेतली तर नाक मुरडून. त्यांना जगविले जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या चित्रपटगृहांनी. चित्रपट-वितरकांनी देशाचे जे विभाग पाडले, त्यांपैकी एकाचे नाव सीपी-बेरार. विदर्भ आणि मध्य प्रदेशाचा हा भाग त्यात एकत्र मोडतो. त्या नावाचा प्रांत १९५० साली नकाशावरून पुसला गेला. १९५६ साली नागपूर एका राज्यात गेले, जबलपूर दुसऱ्या. पण चित्रपटाच्या पेट्यांच्या हिशेबात तो प्रांत जिवंतच राहिला. आपल्या दोन्ही गावांना एकत्र बांधणारे एक नाव असे वितरकांच्या वह्यांत रेंगाळत राहावे, याची आम्हांस गंमत वाटते. तेही एक प्रकारचे भूतच, पण कोणाचे वाईट न चिंतणारे.

चरित्रलेखकाने नायकाचे दोष झाकू नयेत. रामसे यांच्या चित्रपटांत अंगप्रदर्शन पुष्कळ होते आणि ते कथेच्या गरजेपोटी नव्हते. विनोद पुष्कळदा पोरकट असे. रबरी मुखवट्याचा जोड मानेवर दिसून यावयाचा. याहून गंभीर दोष म्हणजे चेटकीण, डाकीण या कल्पनांना त्यांनी दिलेले खतपाणी. आपल्या शेजारच्या छत्तीसगढात टोनही ठरवून निरपराध स्त्रियांचा छळ होत असे. तो थांबविण्यासाठी २००५ साली वेगळा कायदा करावा लागला. महाराष्ट्रासही जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला. पडद्यावर चेटकीण पाहून हसणारा प्रेक्षक घरी सुखरूप जातो, पण गावाने चेटकीण ठरविलेल्या बाईला जावयास घर उरत नाही. हा दोष लहान नव्हे, आणि भीतीचा व्यापार करणाऱ्यास त्याच्या जबाबदारीतून सुटका नाही.

तरीही एक गोष्ट त्यांच्या पदरी घातलीच पाहिजे. त्यांच्या चित्रपटांत श्रीमंत अपराधी सुटत नाही. ठाकुराची हवेली, सावकाराची तिजोरी, पोलिसांशी असलेली सलगी, यांतले काहीही त्याला वाचवीत नाही. ज्या प्रेक्षकाने आपल्या गावात असे अपराधी मिशीवर ताव देत फिरताना पाहिले होते, त्याला दोन-अडीच तासांपुरता का होईना, हिशेब चुकता झालेला दिसे. तिकिटाचे पैसे तो त्यासाठी देई, असे आम्हांस वाटते.

१९८९ साली फत्तेचंद रामसे निवर्तले. त्याच्या आदल्याच वर्षी ‘वीराना’ आला होता. बाप गेल्यावर पेढी पूर्वीसारखी एकसंध राहिली नाही. केशूने वेगळी वाट धरून अक्षयकुमारला घेऊन यशस्वी चित्रपट काढले. १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ या दूरदर्शन संचावरील मालिकेने रामसे यांची भुते थेट आपल्या दिवाणखान्यात आणून सोडली. तुलसी २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली, कुमार २०२१ साली, गंगू २०२४ साली. जे चित्रपट एके काळी सभ्य घरांत नाव काढण्यालायक समजले जात नसत, त्यांवर आज अभ्यासक ग्रंथ लिहीत आहेत. लौकिक हाही कधी कधी मरणानंतरच वर येतो.

फत्तेचंदांच्या साऱ्या चित्रपटांचे सूत्र एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे : बापाने केलेल्या पापाचे देणे मुलांच्या माथी येते. राजाने केलेले नात फेडते, जमीनदाराने केलेले मुलगा फेडतो. आम्हांस यात एक अन्यायही दिसतो, कारण ज्या मुलीचा जन्मही झाला नव्हता, तिने दोनशे वर्षांपूर्वीच्या शापाने का मरावे? पण आयुष्यात असेच घडताना आपण पाहतो. एका पिढीचे कर्ज, भांडण, व्यसन, अबोला, हे सारे पुढच्या पिढीच्या ताटात वाढले जाते. ‘पुराना मंदिर’मधील ठाकुराचा खरा अपराध शाप हा नव्हेच, त्याने मुलीपासून गोष्ट लपविली, हा आहे. त्याने वेळीच सांगितले असते, तर ती डोळसपणे त्या हवेलीच्या पायऱ्या चढली असती.

फत्तेचंदांच्या स्वतःच्या घरात याच्या उलटे घडले. चित्रपट पडला तेव्हा त्यांनी तोटा मुलांपासून लपविला नाही. हिशेबाची वही उघडी ठेवली, म्हणून मुले तीत आपला आकडा मांडू शकली. पडद्यावर ज्यांनी बापांची पापे मुलांना फेडावयास लावली, त्यांनी घरात बापाचे ओझे आनंदाने वाटून घेतले. कराचीत घर गमावलेल्या या गृहस्थाने मुंबईत वाडा बांधला नाही. सात मुलांना एका बसमध्ये बसवून महाबळेश्वरास नेले, आणि त्या चाळीस दिवसांत जे उभे राहिले त्यालाच आम्ही घर म्हणतो.

घरापासून दूर राहणाऱ्या आपणा मंडळींना या चरित्रातून घेण्यासारखे काही असेल तर ते एवढेच. आपल्याही घरांत काही पेट्या बंद आहेत. गावाकडच्या जमिनीचा न मिटलेला वाद, भावाशी धरलेला अबोला, आईच्या आजारपणात रजा मिळाली नाही म्हणून न गाठलेले गाव. मुले विचारीत नाहीत, आपण सांगत नाही. बाजनामठावरून संध्याकाळी परतताना मदनमहालाच्या टेकडीवर अंधार उतरू लागतो, तेव्हा या गोष्टी मनात येतात. भुतांवर आमचा विश्वास नाही. तरी यंदाच्या सुटीत गावी जावे, भावाच्या ओसरीवर बसावे आणि मुलांना जवळ बोलावून ती पेटी आपल्या हातांनी उघडावी, असे आम्ही ठरविले आहे.